दूध आईचे, जबाबदारी कोणाची?

बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराघरांतून एक वाक्य ऐकू येते : ‘हिला दूधच कमी आहे.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. सासू बाळाच्या काळजीने बोलते, भेटायला आलेली शेजारीण सहज बोलून जाते, नवरा दारातूनच विचारतो. पण जिच्या टाक्यांचे दुखणे अजून थांबलेले नाही, जिला दोन रात्री झोप नाही, स्तनाग्रांना चिरा पडल्यामुळे बाळाने तोंड लावताच जिच्या डोळ्यांत पाणी येते, तिच्या कानावर ते वाक्य निकालासारखे पडते. खटला चालला, आरोपी ठरली आणि तिला बाजू मांडायला कोणी सांगितलेच नाही.

हिंगोली असो की वसमत, कळमनुरी असो की औंढा, आपल्या मोहल्ल्यांत बाळंतिणीची हेळसांड होते असे कोणी म्हणणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. चाळीस दिवसांचा चिल्ला पाळला जातो. हरीरा, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी तिच्या पुढ्यात येते. हे सारे प्रेमाने होते. मात्र या प्रेमातही एक गृहीत दडलेले असते. दूध ही केवळ तिच्या शरीराची बाब आहे. म्हणून ते आले तर तिचे कर्तव्य पार पडले आणि नाही आले तर ती उणी पडली. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. बाळाला दूध मिळावे ही नैतिक जबाबदारी एकट्या आईची, की बापाची, घराची आणि समाजाचीही?

आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या वचनाचा आदर असावाच. पण गौरवाची एक अडचण असते. गौरव करणाऱ्याला त्यासाठी काही खर्च येत नाही. ‘आई म्हटले की त्याग आलाच’ असे एकदा म्हटले की तिचा त्रास हा त्रास राहत नाही, तो तिचा धर्मच ठरतो. मग ‘दुखते आहे’ असे ती म्हणाली तर तिच्या ममतेवरच शंका घेतली जाते. ज्या कौतुकाने माणसाला तक्रार करण्याची सोय उरत नाही, ते कौतुक ओझ्यासारखेच असते.

कुराणाने या प्रश्नाकडे कसे पाहिले आहे? सूरह बकरामधील २३३ वी आयत स्तनपानाविषयी आहे. ज्यांना दूध पाजण्याची मुदत पूर्ण करायची आहे, त्यांच्यासाठी ती दोन वर्षांची सांगितली आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच आयतीचा उरलेला भाग आपण किती वेळा वाचतो? आईच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे बापावर टाकला आहे. कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे ओझे टाकले जाणार नाही, असे म्हटले आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे बजावले आहे. दोघांनी सल्लामसलत करून, एकमेकांच्या राजीखुशीने दूध तोडायचे ठरवले तर गुन्हा नाही. दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घ्यायचे ठरवले आणि तिचा मोबदला नीट दिला, तरीही गुन्हा नाही.

सूरह तलाकची सहावी आयत आणखी पुढे जाते. तलाक झालेली स्त्री बाळाला पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्या, असे ती सांगते. म्हणजे दूध पाजणे हे श्रम आहे आणि श्रमाला मोल आहे, ही गोष्ट तिथे स्पष्टपणे मानलेली आहे. हनफी फिकहमध्ये बाळाला पाजणे हे आईचे धार्मिक कर्तव्य मानले; पण बाळ दुसऱ्या कोणाचे दूध घेत असेल आणि तशी सोय असेल, तर काजीने तिच्यावर सक्ती करावी असे मानले नाही. जी सक्ती काजीलाही करता येत नाही, ती आपण ओसरीवर बसून करतो.

आता शरीर काय सांगते ते पाहू. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडाच असतो आणि नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. भरपूर दूध उतरायला तिसरा, चौथा, कधी पाचवाही दिवस उजाडतो. बाळ जितके ओढेल तितके दूध बनते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागणे हे दूध कमी असल्याचे लक्षण नव्हे, ती नवजात बाळाची रीत आहे. बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र न जाता भोवतीचा काळसर भागही गेला, तर चिरा पडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. वेदना आणि धास्ती यांनी पान्हा अडतो, दूध असूनही उतरत नाही. म्हणजे ‘दूध कमी आहे’ असे तिच्यासमोर वारंवार म्हणणे, हेच दूध न उतरण्याचे एक कारण होऊ शकते.

इथे घर काय करते? बाळ रडले की साखरपाणी, घुटी किंवा मध चाटवतो. मग मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. बाळाचे पोट वरच्या दुधाने भरते, ते कमी ओढते, म्हणून अंगावरचे दूध कमी बनते. चार दिवसांनी घरातले म्हणतात, ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ हे चक्र बाळंतिणीने सुरू केलेले नसते. खजुराची तहनीक ही बरकतीसाठी असते, पोट भरण्यासाठी नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टर निक्षून सांगतात.

दोष घरातच आहे असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली. पण जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगावर घेतली गेलेली बाळे केवळ ४१.८ टक्के होती. बाळ दवाखान्यात जन्मले, डॉक्टर-नर्स हजर होते, तरी पहिला तास निसटला. हा दोष टेबलावर पडलेल्या बाईचा कसा म्हणायचा?

मग कामाचा प्रश्न येतो. आपला जिल्हा हळदीचा आहे. थंडी सरता सरता हळदीची काढणी, वेचणी, शिजवणी सुरू होते, त्याआधी कापूस वेचणी असते. या कामांत बाया असतात आणि त्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ही चांगलीच गोष्ट. पण रोजाने हळद वेचणाऱ्या बाईला रजा कोण देणार? पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, त्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्या, असे तिला सांगणे सोपे आहे. ते सहा महिने तिला घरी बसता येईल अशी तजवीज करणे हे कठीण काम आहे, आणि आयतीने ते काम बापाच्या नावे लिहिले आहे.

रमजानचेही असेच. पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरियतने दिली आहे. तरीही शेजारणी काय म्हणतील या धाकाने कित्येक जणी रोजे धरतात. ज्या सवलत घेतात, त्यांना पहाटे तीनला उठून सगळ्यांची सहरी करावीच लागते. अल्लाहने दिलेली मुभा माणसांनी काढून घ्यावी, हे कोणत्या दीनदारीत बसते?

दुधाचा भार वाटून घेण्याची रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हलीमा सादिया यांनी दूध पाजले. त्या दुधातून नाते तयार झाले आणि शरियतने दूधआई, दूधभाऊ, दूधबहीण ही नाती विवाहाच्या बाबतीत रक्ताच्या नात्यांइतकी पक्की मानली. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत अनेक आयांचे दूध एकत्र होते, म्हणून दूधनात्याचा प्रश्न उभा राहतो. युसूफ अल-करजावी यांनी १९८३ मध्ये अशा पेढ्यांना अनुकूल मत दिले; जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये विरोधी मत दिले. या वादात उलेमांनी बोलावे. माझे म्हणणे एवढेच की, अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत असेल आणि आईला दूध उतरत नसेल, तेव्हा त्या आईला या प्रश्नापाशी एकटे सोडू नये. आलिमाने आणि डॉक्टरने मिळून तिला उत्तर द्यावे, आणि ते वेळेत द्यावे.

यावर कोणी म्हणेल, अशाने पावडरच्या डब्याला मोकळे रान मिळेल. ही शंका रास्त आहे. डब्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९९२ मध्ये कायदा करावा लागला, तो उगीच नाही. गढूळ पाण्यात कालवलेली, डबा पुरावा म्हणून पातळ केलेली पावडर गरिबाच्या बाळाला हगवण आणि कुपोषण देते. आईच्या दुधाला तोड नाही, याबद्दल माझा वादच नाही. ते इतके मोलाचे आहे, म्हणूनच ते एकटीच्या जिवावर सोडून चालणार नाही. आणि सगळे करूनही काही जणींना दूध कमीच पडते. बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, थायरॉइडचा विकार अशी त्याची खरी कारणे असतात. तिथे डॉक्टरच्या सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, नीट मापाने वरचे दूध देणे हा गुन्हा नाही. उणीव आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक न करणे हा मात्र अन्याय आहे.

मग घराने काय करावे? पहिल्या तासात बाळ आईजवळ द्या, असे दवाखान्यात बापाने पुढे होऊन सांगावे. रात्री बाळ पिऊन झाले की ढेकर काढायला त्यानेच उठावे. दूध दाटून गाठी झाल्या, ताप आला तर ‘होते असेच’ म्हणू नये, दवाखान्यात न्यावे. पाजणेही सहसा थांबवायचे नसते. गावात आशाताई असते, तिला बोलवावे, बाळ नीट तोंड लावते का ते तिला पाहू द्यावे. दूध पुरते का हे शेजारणीला विचारू नये, बाळाकडे पाहावे. आठवडाभराचे बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनाला परत आले असेल, तर बहुधा त्याचे पोट भरते आहे. तसे होत नसेल तर लगेच डॉक्टर गाठावा.

चिल्ल्याचे चाळीस दिवस बाळंतिणीची परीक्षा असते असे आपण समजत आलो. खरे तर ती घराची परीक्षा असते. तिला किती दूध आले हे पाहणारे पुष्कळ असतात. तिच्या वाट्याला किती झोप, किती अन्न, किती मदत आणि किती गोड शब्द आले, याचाही हिशेब आपल्याला द्यावा लागणार आहे.