नाव आणि नाते

पिकलेली केळी घरात दोन दिवस राहिली, की त्यांच्याभोवती इवल्या इवल्या माश्या भिरभिरू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. आंब्याला डंख करून बागायतदाराचे नुकसान करणारी माशी निराळ्याच कुळातली. तरी फळमाशी हे नाव दोघींनाही लावले जाते. ही विसंगती केवळ बोलीभाषेची नव्हे. शास्त्राच्या काटेकोर परिभाषेतही ती आढळते आणि एक जुना प्रश्न पुन्हा उभा करते : नावाने इमान राखावे ते कोणाशी? वस्तूच्या सत्याशी, की ते नाव वापरणाऱ्या माणसांशी?

मध्ययुगीन तत्त्वज्ञांनी यासंबंधी प्रदीर्घ वाद घातला. अस्तित्व एकेका घोड्याला आहे. ‘घोडा’ ही सामान्यता केवळ आपल्या मनात आणि शब्दांत आहे, असे चौदाव्या शतकातील विल्यम ऑफ ऑकमचे मत होते. वास्तववाद्यांना ते मान्य नव्हते. आपली ही क्षुद्र माशी दोन्ही पक्षांना थोडे थोडे दान देते.

१९१९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी दाखवून दिले, की ज्यांना सारे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर समजत होते, त्या माश्यांत दुसरीच एक जात मिसळलेली आहे. तिला त्यांनी ‘सिम्युलन्स’, म्हणजे नक्कल करणारी, असे नाव दिले. दोन्ही जातींच्या माद्या डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. परंतु त्यांचा संकर केला तर संतती मरते अथवा वंध्य निपजते. ही सीमा कोणी नाव देऊन निर्माण केली नव्हती, ती होतीच. येथे वास्तववाद्यांची सरशी होते.

जातीच्या वरच्या पायरीवर, म्हणजे प्रजातीपाशी आलो, की चित्र पालटते. ड्रोसोफिला ही प्रजाती फालेन यांनी १८२३ साली स्थापिली. आज तिच्यात दीड हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. डीएनएच्या अभ्यासातून त्यांची वंशावळ उलगडत गेली, तेव्हा ध्यानात आले, की स्कॅप्टोमायझा आणि झॅप्रिओनस या स्वतंत्र मानलेल्या प्रजाती याच वृक्षाच्या आतल्या फांद्या आहेत. या प्रजातीची आदर्श जात आहे फ्युनेब्रिस. तिला स्कॅप्टोमायझा जवळची आणि मेलॅनोगॅस्टर दूरची. जवळच्याला परके आडनाव आणि दूरच्याला आपले, असा हा प्रकार!

प्रजातीची विभागणी केली, तर नियमानुसार मूळ नाव फ्युनेब्रिसच्या शाखेकडे राहील आणि जगप्रसिद्ध मेलॅनोगॅस्टरला ‘सोफोफोरा’ हे नाव घ्यावे लागेल. म्हणून मेलॅनोगॅस्टरलाच आदर्श जात ठरवावे, असा अर्ज प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे आला. २०१० साली आयोगाने तो फेटाळला. कीर्तिमान जातीसाठी नियम वाकवला गेला नाही.

येथे दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी ठाकतात. नावाने नाते सांगावे, हे सत्यनिष्ठेचे मागणे. परंतु टॉमस मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तेव्हापासूनचे आनुवंशिकीचे अफाट लेखन याच माशीच्या जुन्या नावाने झाले आहे. नाव बदलले, तर पिढ्यांमधला संवाद तुटेल. नाव हे एक वचनही असते. ते पाळणे हेही कर्तव्यच.

मला वाटते, या पेचाची उकल आपल्याच आडनावांत आहे. डिसोझा, परेरा, लोपीस ही नावे आपल्या पूर्वजांना बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. ती रक्ताचे नाते सांगत नाहीत. एका आडनावाची दोन घराणी परस्परांची कोणीही नसू शकतात. म्हणून ती आडनावे खोटी ठरत नाहीत, कारण नाव हे विधान नव्हे. असत्य सुरू होते ते नावावरून आपण निष्कर्ष काढतो तेव्हा : नाव एक, म्हणून हा आपला, नाव वेगळे, म्हणून तो परका. असा निष्कर्ष काढणारा माशीच्या बाबतीत केवळ चुकतो. माणसाच्या बाबतीत तो अन्याय करतो.

तेव्हा जुने नाव खुशाल राहू द्यावे. मात्र त्याच्या शेजारी खरी वंशावळ निर्भयपणे लिहावी, आणि दोहोंत विरोध आला, तर विश्वास वंशावळीवर ठेवावा. नाव आपण देतो. नाते आपल्याला केवळ शोधावे लागते.