समेचा क्षण कोणाचा?

थेट प्रक्षेपणातून प्रेक्षकाला अधिक चांगला अनुभव मिळावा, असे आपण म्हणतो तेव्हा 'अनुभव' म्हणजे काय हे बहुधा गृहीतच धरलेले असते. चित्र थांबू नये, आवाज तुटू नये, आपण मैफलीतच बसलो आहोत असे वाटावे, ही आजच्या सुधारणेची परिमाणे होत. ती चुकीची नाहीत. ती पुरेशी आहेत काय, हा प्रश्न मात्र आस्वादमीमांसेचा आहे आणि अंतिमतः नीतीचाही.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी प्रतीतीच्या साधनांतील वैकल्य आणि स्फुटत्वाचा अभाव ही दोन विघ्ने तंत्रज्ञ दूर करू पाहतात. जोडणी मंदावताच चित्राची प्रत आपोआप उतरवायची, पण खंड पडू द्यायचा नाही, ही युक्ती त्याच प्रयत्नातली. परंतु 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहणे, हेही एक विघ्न आहे. त्यावरील उपायांत अभिनवगुप्त वाद्य व गायन यांच्याबरोबर सजवलेल्या मंडपाचाही उल्लेख करतो. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली की रसाचा परिपोष होतो, असेही तो म्हणतो. मंडप हा त्याच्या लेखी आस्वादाचा घटकच आहे.

पुणेकर रसिकाला हे निराळे सांगावयास नको. सवाई गंधर्व, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, 1952 साली निवर्तले आणि 1953 पासून भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला. त्याची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची परंपरा आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे 'येथे आणि आता' असलेले तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेन्यामिनने 1936 सालच्या निबंधात मांडले. येथे तर गायक हयात नाही, स्वर मुद्रित आहे, आणि तरीही तो क्षण हजारोंच्या सान्निध्यात जिवंत होतो. जिवंतपणाचे अधिष्ठान यंत्राच्या अभावात नसून एकत्र ऐकण्यात आहे, असा याचा अर्थ होतो.

आता थेट प्रक्षेपणाकडे पाहू. ते लहान लहान तुकड्यांत पाठवले जाते. प्रत्येक घरचे यंत्र काही तुकडे साठवते आणि मगच दाखवू लागते. त्यामुळे मंडपातली सम एका घरी काही सेकंदांनी पोहोचते, शेजारच्या घरी आणखी वेगळ्या क्षणी. मंडपात समेवर सर्वांच्या माना एकदम हलतात. त्या पाहूनच नवखा श्रोता सम ओळखायला शिकतो. उठलेली दाद गायकाच्या पुढच्या तानेत उतरते. घरच्या श्रोत्याची दाद भिंतीपाशी संपते.

सर्व दिशांनी टिपलेल्या दृश्यात शिरण्याची सोय ही उणीव भरून काढील, अशी आशा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रेक्षक जिकडे मान वळवील तेवढाच भाग उत्तम प्रतीचा पाठवला जातो, उरलेला हलक्या प्रतीचा. काटकसर म्हणून हे योग्यच. पण त्यातून जगाची स्पष्टता माझ्या नजरेची आज्ञाधारक बनते. साधारणीकरणात 'मी'चे बंधन सैल व्हायचे असते. येथे ते अधिक घट्ट होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जिना न उतरू शकणारी वृद्धा, परदेशी गेलेला मुलगा, तिकीट न परवडणारा विद्यार्थी यांना मंडपाचे गुणगान ऐकवणे क्रूरपणाचे नाही काय? 2020 आणि 2021 या वर्षांत हा महोत्सव होऊच शकला नाही. तेव्हा तर मंडपातले सारेच नित्याचे श्रोते बाहेरचे झाले होते. दाराबाहेर राहिलेल्याला आत घेणारे तंत्र न्यायाच्या बाजूचे आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

म्हणूनच त्याच्याकडून अधिक मागितले पाहिजे. प्रवेश देणे हे न्यायाचे पहिले पाऊल. सहभाग हे दुसरे. वेगवेगळ्या ठिकाणचे पडदे एकाच क्षणाशी जुळवून घेणे तंत्राला अशक्य नाही. त्यासाठी चित्राच्या तत्परतेत थोडी तडजोड करावी लागली, तरी त्या वृद्धेची मान समेवर इतरांबरोबर हलेल. प्रेक्षकाच्या एकटेपणाला अधिकाधिक सुखद करीत जाणे ही सेवा असू शकेल. त्याला पुन्हा 'सामाजिक' करणे हे कर्तव्य आहे.