बोनसचा पैसा कोणाच्या खिशातला?

डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चहाच्या सुट्टीत, कल्याणच्या क्लासबाहेरच्या कट्ट्यावर मोबाइलवर पोकर खेळणारे तरुण काही वर्षे सर्रास दिसत. त्यांत दोन जाती होत्या. एक जिंकायला बसलेला. दुसरा म्हणे, ‘मी खेळत नाही, बोनस काढतो.’ नवे खाते उघडले की साइनअप बोनस, पहिला भरणा केला की डिपॉझिट बोनस, मित्राला आणले की रेफरल बोनस. एका साइटचा संपला की पुढची साइट. या दुसऱ्याचे म्हणणे सरळ होते. जुगारी आपला पैसा नशिबावर सोडतो, आपण तर कंपनी देऊ करते तेवढेच घेतो. मग यात पाप कुठे आहे?

या प्रश्नाला दटावून गप्प बसवणे सोपे आहे, पण त्याने उत्तर मिळत नाही. कायद्यानेही ते दिलेले नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्याचा आणि नशिबाचा असा भेदही ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याचा निवाडा त्याचा त्यालाच करायचा आहे, आणि धर्माचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आधी हा बोनस चालतो कसा ते पाहू. समजा एकाने २,००० रुपये भरले आणि शंभर टक्के बोनस मिळाला. खात्यात आणखी २,००० दिसतात, पण काढता येत नाहीत. टेबलावर जमलेल्या पैशांतून कंपनी आपला वाटा कापते, त्याला रेक म्हणतात. तो साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो. खेळाडूच्या नावावर जितका रेक जमेल त्या प्रमाणात बोनस हप्त्याहप्त्याने मोकळा होतो आणि मुदत संपली की उरलेला रद्द होतो. रेकच्या चौथ्या हिश्शाइतका बोनस सुटतो असे धरले, तर २,००० मोकळे करायला ८,००० रुपये रेक लागतो. पाच टक्क्यांनी ही त्याच्या वाट्याची १,६०,००० रुपयांची उलाढाल झाली. ऑक्टोबर २०२३ पासून भरण्यावर २८ टक्के जीएसटी आला, तेव्हा भरलेल्या शंभरातले जेमतेम ७८ रुपये खेळायला उरू लागले, आणि ती तूट अनेक कंपन्यांनी बोनसनेच भरून दाखवली. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात त्याआधीच, एप्रिल २०२३ पासून सुरू झाली होती.

तरीही काही जण या गणितातून पैसे काढत, हे मान्य करायला हवे. लहान रकमेची टेबले निवडायची, वाईट पाने आली की डाव सोडायचा, तासन् तास घाई करायची नाही. हे काम शिस्तीचे आहे. ते करणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

पाच टक्क्यांचा आकडा जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, फासे सरकारी द्यायचे, जिंकलेल्याकडून शेकडा पाच घ्यायचे, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. याज्ञवल्क्यस्मृतीतला सभिक, म्हणजे जुगारघराचा चालक, मोठ्या जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच आणि इतरांकडून दहा घेतो. मनूने राजाला द्यूत मुळातूनच बंद करायला सांगितले. परवानगी आणि बंदी हा वाद आपल्याकडे असा दोन हजार वर्षांचा आहे. पण परवानगी देणाऱ्या कौटिल्याच्या नियमांतही, लोकांनी खेळायला यावे म्हणून त्यांच्या हातावर आधी पैसे ठेवायची तरतूद नाही.

न्यायालयांनी मात्र वेगळाच प्रश्न धरून ठेवला: कौशल्य की नशीब? चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले. १९६७ मध्ये रमीत कौशल्य प्रधान असल्याचे म्हटले. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नशिबाचा खेळ ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा. बोनस काढणारा या वादातून आपल्याला हवे ते उचलतो. माझे कौशल्य आहे, म्हणून माझी कमाई शुद्ध, असे तो म्हणतो.

महाभारतात हा युक्तिवाद तपासायला नलाची कथा आहे. वनवासातल्या युधिष्ठिराला ती बृहदश्व ऋषी सांगतात. द्यूतात राज्य घालवलेला नल पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका नजरेत मोजून दाखवतो, नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतो, आणि त्याबदल्यात अश्वविद्या घेतो. अक्षहृदय येताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. म्हणजे फाशांमध्येही कौशल्य असते, हे महाभारताला पूर्ण ठाऊक आहे. पण पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्याने राज्य जिंकून घेतले होते त्या भावाला, पुष्कराला, हरवून नल ते परत घेतो आणि त्याला देशोधडीला लावत नाही; त्याचा वाटा देऊन सन्मानाने परत पाठवतो. कौशल्याने नलाला जिंकण्याची ताकद दिली. हरलेल्याचे काय करायचे, हे त्याला कौशल्याने शिकवलेले नव्हते.

याहून धारदार चर्चा ठाण्यातल्याच एका परंपरेत सापडते. सिव्हिल हॉस्पिटल रस्त्यावर शार हाशमाइम हे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे ते प्रार्थनास्थळ. ज्यू धर्मशास्त्राच्या मिश्ना या संहितेतल्या सॅनहेड्रिन प्रकरणात साक्षीला अपात्र माणसांची यादी आहे, आणि तिच्यात फासे खेळणारा व्याजखोराच्या जोडीला बसवलेला आहे. का, यावर मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, ताल्मुदमध्ये, दोन पंडितांचा वाद आहे. रामी बर हामा म्हणतो: पैज लावताना प्रत्येकाला आपणच जिंकणार असे वाटत असते, त्यामुळे हरलेला पैसे देतो ते मनापासून देत नाही, असा पैसा घेणे चोरीच्या जवळ जाते. राव शेशेत याला मान्यता देत नाही. त्याच्या मते दोष वेगळा आहे: जुगारी जगाची घडी बसवण्याच्या कामात हात लावत नाही. म्हणून ज्याला दुसरा धंदा येतो त्याला त्याच्या लेखी सूट आहे.

आता बोनस काढणाऱ्याला या दोघांपुढे उभे करू. राव शेशेतपुढे तो सुटेल. त्याला नोकरी आहे, बोनस हा जोडधंदा आहे. रामी बर हामापुढे तो म्हणेल, ‘मला पैसे कंपनी देते, आणि ती अगदी खुशीने देते.’ हे खरे आहे. पण कंपनी जे खुशीने देते ते तिचे नाही. तिच्या पेटीत रेकशिवाय काही येत नाही आणि रेक खेळणाऱ्यांच्याच खिशातून येतो. बोनसमधून स्वतःचाच रेक परत मिळाला तर तो नफा नव्हे, सूट आहे. नफा व्हायचा तर टेबलावर कोणीतरी तेवढे, आणि वर कंपनीचा वाटाही, हरलेलाच असावा लागतो. तो हरणारा बोनस काढायला आलेला नसतो. तो जिंकायला आलेला असतो, आणि टेबल भरलेले दिसते म्हणून बसतो. ते भरलेले दिसावे यासाठी ज्याला पैसे दिले जातात, तो बोनस काढणारा.

म्हणून कौशल्य की नशीब हा प्रश्नच अपुरा आहे. धोका आपण पत्करला की नाही, हाही अपुराच. पैसा कोणाकडून आला आणि त्याने तो कोणत्या मनाने सोडला, हे विचारावे लागते. कुराणातल्या दुसऱ्या सूरेत दारू आणि जुगारात लोकांचा काही लाभ आहे हे नाकारलेले नाही. पण त्यातले पाप लाभापेक्षा मोठे असल्याचे सांगितले आहे. मुंब्र्यातल्या किंवा भिवंडीतल्या श्रद्धावान मुसलमानाला हे सांगावे लागत नाही. बोनसचा लाभ खरा असूनही प्रश्न सुटत नाही, एवढे या आयतीवरून इतरांनाही कळावे.

रेफरल बोनस तर सर्वांत जड. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मित्राचे सोंग घेणाऱ्या चार प्रकारच्या माणसांची ओळख करून दिली आहे. त्यांतला एक नाशाचा सोबती: दारूला, भटकंतीला, तमाशाला आणि जुगाराला साथ देणारा. सोसायटीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर आपला कोड टाकून दोनशे-पाचशे रुपये मिळवणारा स्वतः शिस्तीने खेळत असेल. ज्याला त्याने आणले तो तसा खेळेल याची त्याला काय खात्री? आणि आई-बहिणीच्या पॅनवर दुसरे-तिसरे खाते उघडून साइनअप बोनस पुन्हा घेणे ही तर सरळ लबाडी आहे. तिथे धर्मचर्चेची गरजच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग गणपतीच्या जागरणात घरोघरी रमी आणि तीन पत्ती चालते त्याचे काय? बलिप्रतिपदेला द्यूत खेळायची प्रथा आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट मांडून बसलेले कोरले आहेत. प्रश्न रास्त आहे. पण जागरणाच्या डावात कोणी रेक कापत नाही, आणि हरणारा समोर बसलेला असतो. काका सलग चार डाव हरले की वहिनी पाने गोळा करते. पोकरच्या साइटवर हरणाऱ्याचे फक्त एक टोपणनाव दिसते. बोनस काढणारा तर एकाच वेळी तीन-चार टेबलांवर बसलेला असतो. त्यातले कोणते टोपणनाव कर्जात बुडाले आहे, हे त्याला कळण्याची सोयच नसते.

नव्या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतली. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी ऑगस्टमध्येच पैशांचे खेळ थांबवून खात्यातली रक्कम काढू दिली. परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साइट अजून मोठे बोनस दाखवत आहेत. तिथे भरलेला पैसा अडकला तर दाद मागायला जागा नाही, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊच नये.

ज्यांनी कधी कोणाला आपला कोड पाठवला होता, त्यांच्याकडे एक मागणे आहे. त्या मित्राला एकदा फोन करा. किती गेले, कर्ज झाले का, घरी माहीत आहे का, हे विचारा. त्याची झोप उडाली असेल, बोलायला कोणी नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि त्याच्या नावावर आलेला बोनस अजून खात्यात असेल, तर तो त्याला परत द्या.