पडलेली आणि पाडलेली : बंद गिरणीच्या छायाचित्राची नैतिकता

मुंबईच्या गिरणगावाविषयी बोलताना मराठीत दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी नांदतात : ‘बंद पडलेली गिरणी’ आणि ‘बंद पाडलेली गिरणी’. भेद केवळ एका कान्याचा आहे. परंतु पहिल्या प्रयोगात बंद करणारा कोणी नाही, दुसऱ्यात तो अध्याहृत आहे. तो कोण, याविषयी एकमत नाही. संपाकडे बोट दाखवणारे आहेत, तसेच मालकांच्या जमिनीवरील नजरेकडे बोट दाखवणारेही आहेत. मात्र दुसरा प्रयोग निदान हा वाद जिवंत ठेवतो. ओसाड गिरणीत कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याची नैतिक अडचण या कान्याशी निगडित आहे.

अशा छायाचित्रांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप दुःखाच्या सौंदर्यीकरणाचा आहे. फुटक्या छपरातून उतरणारा उजेड, गंजलेल्या साच्यांची रांग, भिंत फोडून वर आलेला पिंपळ यांच्या देखणेपणात कामगाराचा विसर पडतो, असे म्हटले जाते. हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. दुःखाला रूप देणे हाच दोष मानला, तर शोकात्मिकाही दोषी ठरेल. खरा दोष कार्यकारणभावाच्या लोपात आहे. पिंपळ दिसतो, निर्णय दिसत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप किंवा गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या करणारी १९९१ ची नियमावली चौकटीत मावत नाही. परिणामी माणसांनी घडवलेले काळाने घडवल्यासारखे भासते.

कारखान्याचे छायाचित्र तेथील मानवी संबंधांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, हे ब्रेख्तचे निरीक्षण वॉल्टर बेन्यामिनने १९३१ मध्येच नोंदवले होते. त्यावर संयम हा उपाय होऊ शकतो काय? जर्मनीतील बेर्न्ट आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे ढगाळ, सम प्रकाशात, माणसांविना घेतली. त्यांनी भावविवशता टाळली. पण कर्ता तेथेही परतला नाही.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपानंतरचे गिरणगाव गिरणी कामगाराच्या घरातून दिसते. गिरणीचे बंद होणे कुटुंबाच्या पडझडीतून उलगडते. अर्थात नाटकाजवळ काळ असतो, छायाचित्राजवळ क्षण. म्हणून छायाचित्राने सर्व काही सांगावे, ही अपेक्षा अन्याय्य होय. शिवाय कॅमेरा न उचलणे हीदेखील नैतिक सुटका नव्हे. अनेक गिरण्यांच्या जागी आज मनोरे आणि मॉल उभे आहेत. तेथे जुने छायाचित्र हाच एक साक्षीदार उरतो, आणि छायाचित्रकाराने न हेरलेले तपशीलही तो जपून ठेवतो.

अपेक्षा करायची ती इतकीच, की या साक्षीदाराने आपले मौन पूर्ण साक्ष म्हणून खपवू नये. गिरणी कोणती, ती केव्हा बंद झाली, तेथे किती माणसे कामाला होती आणि जमीन पुढे कोणाकडे गेली, हे चित्राखाली लिहिले जावे. ती ओळ चित्राचे सौंदर्य कमी करणार नाही. चित्राला लिहिता न येणारा काना मात्र ती लिहील.