तहकुबीचे वकीलपत्र

जिल्ह्याच्या ठिकाणच्या दिवाणी न्यायालयात ज्याने आपल्या आयुष्यातील काही सकाळी व्हरांड्यातील बाकावर बसून घालविल्या आहेत, त्याला एका विशिष्ट प्रकारच्या वकिलाचा परिचय असतोच असतो. हा वकील कायद्यात विशेष पारंगत असतो असे नाही, त्याची वाणीही फारशी ओघवती नसते. परंतु ज्याची बाजू मुळात लंगडी आहे, वादातली जमीन मात्र ज्याच्या ताब्यात आहे, आणि निकाल लागेपर्यंत त्या जमिनीचे उत्पन्न ज्याच्याच घरात येत राहणार आहे, असा अशील नेमकी त्याचीच पायरी चढतो. कधी साक्षीदार आजारी पडतो, कधी दस्तऐवजाची नक्कल मिळालेली नसते, कधी मोजणीच्या नकाशावर आक्षेप निघतो. प्रत्येक अर्ज सुटा वाचला तर रास्तच वाटतो, म्हणून तहकुबी मिळते, आणि वीस वर्षे तारखा पडत राहिल्या की पिकेही वीस निघतात.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हवामानबदलविषयक धोरणांना विरोध करणाऱ्या ज्या धोरणसंस्था (थिंक टँक हे त्यांचे आपल्याकडेही रूढ झालेले नाव) गेल्या चार दशकांत नावारूपाला आल्या, त्यांच्याविषयी वाचताना मला ह्या वकिलाची आठवण होते. त्यांच्यासंबंधीचा प्रचलित समज असा की, तेलकंपन्यांनी पैसे चारले आणि विद्वानांनी विज्ञान विकले. हा समज सोयीचा आहे, क्वचित खराही आहे; परंतु त्याने प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग झाकला जातो. ती मते मनोभावे बाळगणारी माणसे आधीपासूनच होती. पैशाने त्यांना हुडकून काढले, त्यांना कचेरी, कारकून व व्यासपीठ पुरविले, आणि ज्यांची मते निराळी होती त्यांच्या दारावरून तो निमूटपणे पुढे गेला.

वास्तविक हवामानाचा खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधीच ह्या वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या होत्या. दुसरे महायुद्ध संपता संपता अँटनी फिशर हे ब्रिटिश वायुदलातील गृहस्थ अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांच्या भेटीस गेले आणि समाजवादाची लाट अडविण्यासाठी आपण राजकारणात उतरावे काय, असे त्यांनी विचारले. हायेक यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले: राजकारणी लोकमताच्या मागून चालतात, म्हणून ज्यांच्याकडून लोक मते उसनी घेतात त्या बुद्धिजीवींना आधी वळविले पाहिजे. फिशर यांनी पुढे कुक्कुटपालनाच्या धंद्यात अमाप पैसा मिळविला आणि १९५५ साली लंडनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्सची स्थापना केली. १९८१ मध्ये अशा संस्था देशोदेशी निघाव्यात म्हणून त्यांनी ॲटलस नावाची आणखी एक संस्था काढली. कोंबड्यांच्या नफ्यातून विचारांची अंडी उबविण्याचा हा उद्योग विनोदी वाटेल, परंतु हायेक यांचा सल्ला किती दूरदर्शी होता, हे मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले. ह्या परंपरेचे मूळ दैवत तेल नसून बाजार आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

वॉशिंग्टनमधील जॉर्ज मार्शल इन्स्टिट्यूटचा वृत्तान्त तर एखाद्या कादंबरीसारखा आहे. १९८४ मध्ये ती स्थापन करणारे तिघे असामान्य योग्यतेचे भौतिकशास्त्रज्ञ होते. फ्रेडरिक साइट्झ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात त्यांचे नाव आजही विद्यार्थी घेतात. विल्यम निरेनबर्ग यांनी स्क्रिप्स ही सागरविज्ञानाची विख्यात संस्था चालविली होती. रॉबर्ट जॅस्ट्रो यांनी १९६१ मध्ये नासाची गोडार्ड अवकाश-अभ्यास संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी केली होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी योजनेची पाठराखण करणे, हा मार्शल इन्स्टिट्यूटचा मूळ हेतू होता. पुढे सोव्हिएत सत्तेचा डोलारा कोसळू लागला, आणि ज्या शत्रूविरुद्ध आयुष्य वेचले तोच नाहीसा होण्याचा प्रसंग आला. बर्लिनची भिंत पडली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, मार्शल इन्स्टिट्यूटने तापमानवाढीचे खापर मुख्यत्वे सूर्यावर फोडणारा अहवाल काढला आणि तो थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचविला. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ जून १९८८ रोजी, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन तापमानवाढीचा प्रश्न ऐरणीवर आणणारे जेम्स हॅन्सन हे कोण होते? जॅस्ट्रो यांनी स्थापिलेल्या गोडार्ड संस्थेचे त्यांच्यानंतरचे संचालक! संस्थापक एका बाजूस आणि त्याच्याच गादीवर बसलेला उत्तराधिकारी दुसऱ्या बाजूस, असा हा सामना होता.

साइट्झ यांच्या चरित्रात तंबाखूचेही एक प्रकरण आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आर. जे. रेनॉल्ड्स ह्या सिगारेट कंपनीच्या साडेचार कोटी डॉलरांच्या संशोधन-अनुदानाचे वाटप कसे व्हावे, ह्यासंबंधी ते तिचे सल्लागार होते. संशय हाच आपला माल आहे, अशा अर्थाची स्वच्छ कबुली दुसऱ्या एका सिगारेट कंपनीच्या १९६९ सालच्या अंतर्गत टिपणात आढळते. तीच विद्या पुढे हवामानाच्या क्षेत्रात उपयोगी पडली. परंतु साइट्झ व त्यांचे सहकारी केवळ लोभी होते, असे मला वाटत नाही. सरकारी नियंत्रण म्हणजे समाजवादाचा चोरदरवाजा, अशी त्यांची प्रामाणिक, आणि म्हणूनच अधिक घातक, श्रद्धा होती. पर्यावरणवाद्यांना कलिंगडाची उपमा देणे, म्हणजे बाहेरून हिरवे आणि आतून लाल ठरविणे, हा त्या गोटातील आवडता विनोद. विनोदाआड मनातली भीती बोलून दाखविता येते.

पैसा मागाहून आला आणि तो आल्यावर काय घडते, ह्याचा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. राज्यशास्त्रातील तत्त्वचिंतनाचा अभ्यास करून शिकागो विद्यापीठातून बाहेर पडलेले मॅथ्यू क्रॉफर्ड २००१ मध्ये मार्शल इन्स्टिट्यूटचे कार्यकारी संचालक झाले. जी मते मांडावयाची ती देणगीदार तेलकंपन्यांच्या मतांशी नेमकी जुळणारी असत, असे त्यांनी पुढे लिहिले. निष्कर्ष आधी ठरलेला आणि त्याच्यापर्यंत नेणारी तर्कांची पायवाट मागून आखावयाची, हा उलटा प्रवास त्यांना सोसला नाही. पाच-सहा महिन्यांत त्यांनी ती नोकरी सोडली आणि व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान काढले. तेथील बौद्धिक श्रम अधिक खरे होते, असे त्यांचे म्हणणे. ज्याने एकदाही कार्ब्युरेटर उघडून साफ केला आहे, त्याला ते पटावे.

आता जमाखर्चाकडे वळू. एक्झॉन कंपनीच्या देणग्या प्रारंभी फारशा लपलेल्या नव्हत्या. कंपनीच्याच वार्षिक पत्रकांत त्या सापडत. २००६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कंपनीला पत्र लिहून, आदल्या वर्षी तिने मदत दिलेल्या ३९ संस्था हवामानविज्ञानाचे विपरीत चित्र रंगवीत असल्याचे निदर्शनास आणले. विज्ञानाच्या एवढ्या जुन्या पीठाने एखाद्या व्यापारी कंपनीला अशी कानउघाडणी करणे ही सामान्य घटना नव्हे. त्यानंतर काही संस्थांचे अनुदान बंद करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. पण झरा आटला म्हणून विहीर कोरडी पडली नाही. २०१३ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूल यांनी अशा ९१ संस्थांच्या आणि त्यांना पैसे देणाऱ्या १४० प्रतिष्ठानांच्या २००३ ते २०१० ह्या काळातील करविषयक कागदपत्रांची खतावणी प्रसिद्ध केली. तिच्यात असे दिसले की, एक्झॉन व अमेरिकी उद्योगपती कोख बंधूंशी संलग्न प्रतिष्ठाने ह्यांचा उघड हात २००७ नंतर आखडत गेला, आणि डोनर्स ट्रस्ट नावाच्या एका मध्यस्थ न्यासातून येणारा पैसा वाढत वाढत शोध लागू शकणाऱ्या निधीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पोहोचला. ह्या न्यासाकडे कोणीही पैसे ठेवावेत, ते कोणाला द्यावेत हे सुचवावे. पैसे घेणाऱ्याच्या वहीत नाव पडते ते न्यासाचे.

येथे एक खुलासा न्यायबुद्धीने केला पाहिजे. ब्रूल यांच्या हिशेबातील ९१ संस्थांचे एकूण वार्षिक उत्पन्न नव्वद कोटी डॉलरांहून थोडे अधिक होते. वृत्तपत्रांतून लगेच अशी आवई उठली की, हवामानविज्ञानाला खोटे ठरविण्यासाठी वर्षाकाठी एवढी रक्कम उधळली जाते. ह्यांतील बहुतेक संस्था शिक्षण, कर, कामगार-कायदे अशा अनेक विषयांत लुडबुड करतात, सारे उत्पन्न एकाच कामी लागत नाही, हे खुद्द ब्रूल यांनीच सांगितले होते. संशय पिकविणाऱ्यांचा माग काढणाऱ्यांनी स्वतःच आकडे फुगवावेत, हा प्रतिपक्षाला आयता पुरावा पुरविण्याचा प्रकार होय.

गुप्तदान हा आपल्याकडे पुण्याचा सर्वोच्च प्रकार मानला गेला आहे. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारा दाता आणि पेटीत मूठ रिकामी करून निघून जाणारा दाता ह्यांत आपण दुसऱ्यालाच नमस्कार करतो. कारण नाव लपविल्याने दात्याचा अहंकार गळतो आणि घेणाऱ्याचा मिंधेपणा टळतो. डोनर्स ट्रस्टच्या मार्गाने जाणारे दान बाह्यतः ह्याच जातीचे आहे. भेद असा की, येथे घेणाऱ्याला दाता बहुधा ठाऊक असतो, अंधारात असतो तो वाचणारा नागरिक. अन्नछत्रात जेवणाऱ्याला दात्याचे नाव कळले नाही म्हणून अन्नाचा गुण पालटत नाही. परंतु सल्ला ही वस्तू अशी आहे की, ती कोणाच्या खर्चाने शिजली हे कळल्याविना तिची चव घेताच येत नाही. पुन्हा ह्या दानावर करसवलतही मिळते, म्हणजे सरकारी तिजोरीचाही त्याला हातभार लागतो.

हा प्रश्न ब्रिटनमध्ये चव्हाट्यावर आला तो ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशनमुळे. थॅचर मंत्रिमंडळातील माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी २००९ च्या नोव्हेंबरात ती स्थापन केली आणि तिची नोंद धर्मादाय संस्था म्हणून झाली. ऊर्जाकंपन्यांकडून आपण पैसे घेत नाही, असे ती सांगत आली. पण आरंभीचे पन्नास हजार पौंड कोणाचे, हे सांगावयास मात्र ती तयार नव्हती. माहितीच्या कायद्याखाली एका पत्रकाराने हे नाव मागितले, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि २०१२ मध्ये मागणी फेटाळली गेली. २०१४ मध्ये मात्र तेथील धर्मादाय आयोगाने असा निष्कर्ष काढला की, शैक्षणिक धर्मादाय संस्थेला आवश्यक असलेला समतोल तिच्या प्रकाशनांत नाही. त्यावर तोड अशी निघाली की, प्रचाराचे काम एका वेगळ्या, करसवलत नसलेल्या शाखेकडे सोपवावे. २०२१ पासून ती शाखा नेट झीरो वॉच ह्या नावाने ओळखली जाते. हिशेबाच्या वह्या दोन झाल्या, एवढाच काय तो फरक.

शिकागोच्या हार्टलँड इन्स्टिट्यूटविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. तापमानवाढ मानणाऱ्यांच्या पंक्तीत बॉम्ब पाठवून माणसे मारणाऱ्या टेड काझिन्स्कीची तसबीर लावणारा तिचा २०१२ चा जाहिरातफलक एका दिवसात उतरवावा लागला, आणि अनेक देणगीदारांनी तिचा हात सोडला. तहकुबी मागणाऱ्या वकिलाने आवाज चढवायचा नसतो, हे पथ्य तिला पाळता आले नाही.

ह्या खटल्यात भारतालाही दोनदा साक्षीला बोलाविण्यात आले आहे, तेही परस्परविरोधी साक्षींसाठी. क्योटो कराराच्या आधी, १९९७ मध्ये, अमेरिकी उद्योगांनी दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा जो भडिमार केला त्यात भारत, चीन व मेक्सिको ह्यांची नावे घेऊन, ह्यांना सूट आणि आम्हांला भुर्दंड का, असा सवाल होता; त्याच वर्षी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवर बंधन नसलेल्या करारावर अमेरिकेने सही करू नये. येथे आपण आरोपी. पुढे ह्याच गोटातून अशी करुणा ओसंडू लागली की, भारतातल्या गरिबाच्या घरात दिवा लागावयाचा तर कोळसा जळलाच पाहिजे. येथे आपण फिर्यादी. दुसऱ्या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे आणि आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी तो स्वतंत्रपणे, आपल्या हितासाठी, मांडलाही आहे. परंतु आपले वकीलपत्र आपण त्यांना कधी दिले, हे मात्र स्मरत नाही.

देणगीदाराचे नाव कळले म्हणजे युक्तिवाद खोटा ठरतो असे नाही. तसे असते तर पर्यावरणवादी संस्थांनाही धनाढ्य प्रतिष्ठानांचे पैसे मिळतात, एवढ्यावर त्यांचाही निकाल लागला असता. युक्तिवाद तपासूनच पाहावा लागतो. जेरी टेलर यांनी तसा तो पाहिला. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटमध्ये ते वर्षानुवर्षे संशयवाद्यांची बाजू मांडीत. हॅन्सन यांचे १९८८ चे भाकीत सपशेल फसले, असे त्यांनी एकदा दूरचित्रवाणीवर ठासून सांगितले. वादानंतर प्रतिपक्षाच्या वक्त्याने ती मूळ साक्ष पुन्हा वाचण्याचे आव्हान दिले. टेलर यांनी परत येऊन ती वाचली. हॅन्सन यांनी तीन शक्यता मांडल्या होत्या आणि त्यांतील मधलीच त्यांना संभाव्य वाटत होती. टेलर यांना पुरविलेल्या मजकुरात केवळ सर्वांत टोकाची उचललेली होती. अशी आणखी काही प्रकरणे उकरल्यावर टेलर यांचे मत पालटले, त्यांनी केटो सोडली, आणि स्वतःची निस्कानेन सेंटर ही संस्था काढून ते कार्बनवरील कराचा पुरस्कार करू लागले. बाजारावरची श्रद्धा त्यांनी सोडली नव्हती.

राहता राहिला प्रश्न असा की, वकिलाला अशिलाची बाजू लंगडी आहे हे ठाऊक होते काय? तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी १९८९ मध्ये ग्लोबल क्लायमेट कोअलिशन नावाची आघाडी उभारली होती. ती २००२ मध्ये मोडली. १९९५ मध्ये तिच्याच शास्त्रीय सल्लागारांनी सभासदांसाठी एक टिपण तयार केले. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही, असे त्यात होते. सूर्यावर किंवा अन्य कारणांवर भर देणाऱ्या संशयवाद्यांच्या उपपत्ती एकेक करून तपासल्या होत्या आणि त्या पटण्याजोग्या नाहीत, असा अभिप्राय दिला होता. पुढे मोटार कंपन्यांनी स्वतःच लावलेल्या एका दाव्याच्या दप्तरात हे कागद दाखल झाले आणि २००९ मध्ये वृत्तपत्रात आले. त्यांच्यात एका बैठकीचे इतिवृत्तही आहे. संशयवाद्यांचे खंडन करणारा भाग टिपणातून काढावा, अशी सूचना तेथे आली होती. ती मान्य झाली असून तेवढा भाग वगळण्यात येईल, अशा अर्थाची एका ओळीची नोंद त्यापुढे आहे.