खुर्चीवरचे ऋण

एखादे सरकारी खाते पाप करू शकते का? प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण मोर्शी तालुक्यात तो विचारायला हरकत नसावी. याच तालुक्यातल्या रिद्धपुरात सातशे वर्षांपूर्वी कर्म कोणाचे आणि फळ कोणाला याचा फार काटेकोर विचार झाला. महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आणि नित्य मानले. कर्म जीव करतो, भोगही त्यालाच चुकत नाही, एकाचे कर्म दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. या मांडणीत जलसंपदा विभाग बसवायचा कुठे? त्याला जन्म नाही, मरण नाही आणि रात्री अंथरुणावर तळमळण्याची सोयही नाही. त्यात काम करणारा प्रत्येक माणूस जीव आहे, हे खरे. पण त्यातला प्रत्येक जण एका सहीपुरता, एका शेऱ्यापुरता, फार तर एका बदलीपर्यंतच तिथे असतो. महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे. एखाद्या गावाचा प्रश्न मात्र तीस-चाळीस वर्षे चालतो. मग त्या तीस वर्षांचे कर्म कोणाचे म्हणायचे?

अप्पर वर्धा धरणाकडे या प्रश्नासह पाहावे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर बांधलेले हे धरण 1993 साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे देखणे नाव मिळाले. अमरावती शहर हे पाणी पिते. नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला ते द्यायचे ठरले तेव्हा शेतकऱ्यांच्या वाट्याचे पाणी जाते म्हणून मोठे वादंग झाले. आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते शेतकरी 2023 साली मोर्शीच्या तहसील कार्यालयासमोर शंभराहून जास्त दिवस धरणे धरून बसले होते. योग्य मोबदला आणि पुनर्वसन ही मागणी होती. मोर्शीत कोणी ऐकेना तेव्हा ऑगस्टअखेर ते मुंबईला गेले आणि मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर त्यांनी उड्या घेतल्या. ही जाळी 2018 साली बांधली गेली. त्याआधी जानेवारीत धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतले होते. हिशोब मागायला येणारा माणूस खाली पडून मरू नये एवढी तजवीज शासनाने तत्परतेने केली. हिशोबाचे काय, ते जाळीच्या कंत्राटात नव्हते.

आता यात दोषी शोधायला निघावे. ज्याने दर ठरवला तो कधीच निवृत्त झाला. ज्याने फाईल पुढे सरकवली तो आणखी तीन जिल्हे फिरला. आज जो खुर्चीवर आहे तो त्या वेळी शाळेत असेल किंवा जन्मलाही नसेल. तो म्हणतो, तेव्हा मी नव्हतो. तो खोटे बोलत नाही, आणि अडचण नेमकी इथेच आहे. प्रत्येकाचे म्हणणे खरे असूनही अन्याय जिथल्या तिथे राहतो.

सरकारी जबाबदारीबद्दल आपण बोलतो ते जवळजवळ सगळे पापाच्या भाषेत बोलतो, असे मला वाटते. घोटाळा, दोषी, चौकशी, निलंबन. सिंचनाच्या पैशावरून 2012 साली महाराष्ट्रात रण माजले, श्वेतपत्रिका निघाली, कोण सुटला आणि कोण अडकला यावर वर्षानुवर्षे बोलले गेले. त्या गदारोळात शिवारात पाणी न पोचलेल्या शेतकऱ्याचे नेमके देणे किती, हा प्रश्न मागे पडला. पापाला कर्ता लागतो. कर्ता सापडला नाही की पाप सिद्ध होत नाही, आणि पाप सिद्ध झाले नाही की देणेही नाही असे आपण धरून चालतो. आपल्याच परंपरेत मात्र देण्याचा विचार पापापासून वेगळा केलेला आहे. तो म्हणजे ऋण. बापाने काढलेले कर्ज मुलाने फेडावे हे धर्मशास्त्राने कर्तव्य मानले. मुलाने काही गुन्हा केला म्हणून त्याच्यावर ते येत नाही, तो मुलगा आहे म्हणून येते, आणि घर व शेत ज्याच्या हाती आले त्याच्यावरही येते. मुलावरचा हा धार्मिक भार हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने काढला आणि तो काढला हे योग्यच झाले. तरी ज्याच्या हाती मिळकत गेली त्याने त्या मिळकतीपुरते देणे द्यावे, हे तत्त्व शाबूत आहे. याज्ञवल्क्य तर राजालाही सोडत नाही. प्रजेचे चोरीला गेलेले धन राजाने परत द्यावे, असे तो सांगतो. चोर राजा नव्हे. राजाने कर घेतला आहे आणि रक्षणाची जागा त्याच्याकडे आहे, एवढ्यावरच तो देणेकरी ठरतो.

हे पटत असेल तर खात्याला आत्मा आहे की नाही या वादात पडायचे कारण उरत नाही. नवा अधिकारी खुर्चीवर बसतो तेव्हा इमारत, गाडी, शिक्का, धरणाचे पाणी सोडण्याचा अधिकार हे सगळे त्याच्याकडे येते. मिळकत आली की तिच्यावरचे देणेही आले. पाप बदलीबरोबर माणसाच्या मागे जाईल, तो आणि त्याचा परमेश्वर पाहून घेतील. ऋण खुर्चीवर राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सरकारचे हिशोब तपासायला नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे, दरवर्षी जाडजूड अहवाल निघतात. निघतात, आणि ते मोलाचेही असतात. दिलेल्या अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे आलेली नाहीत ही तक्रार त्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे पैसे दिले, पण ते ज्या कामासाठी दिले त्यावर खर्च झाले की नाही हे सांगणारा कागद आलेला नाही. आता दुसऱ्या बाजूचा कागद पाहा. संजय गांधी निराधार योजनेतल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हेही सिद्ध करावे लागते. आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या असतील तर यंत्र अंगठा घेत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा लाल दिवा लागतो. सेतू केंद्रातला पोरगा म्हणतो, आजी, उद्या या. तिचा हयातीचा दाखला राहिला तर पैसे पुढच्या महिन्यापासून थांबू शकतात. खात्याचे उपयोगिता प्रमाणपत्र राहिले तर अहवालात एक परिच्छेद वाढतो.

खोटे लाभार्थी असतात म्हणून तपासणी लागते, हे कोणीही मान्य करील. लाडकी बहीण योजनेत 2025 साली दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी महिलांची नावे निघाली, तेव्हा गरज नसलेले हात किती सहज पुढे येतात हे दिसले. पण त्या प्रकरणात गरीब बाईने सरकारला फसवले नव्हते. वेतन सरकार देते, त्याची यादी सरकारकडे, लाभाची यादीही सरकारकडे, आणि या दोन याद्या ताडून पाहणे पैसे वाटून झाल्यावर सुचले. तपासणीला माझा विरोध नाही. ती एकाच दिशेने वाहते, याला आहे. पुराव्याचे ओझे कोणावर, हा केवळ कचेरीच्या सोयीचा प्रश्न नव्हे, त्यात नीतीचा प्रश्न दडलेला आहे. दान घेणाऱ्याने आपली पात्रता दाखवावी, हे एक वेळ चालेल. पण लाभ हा हक्क असेल तर ज्याच्या हाती पैसा आहे त्यानेच आधी बोलायला हवे. आणि हक्काची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला 1977 च्या कायद्याचा आधार मिळाला, तेव्हा मागेल त्याला काम देणे ही सरकारने उपकार म्हणून नव्हे, बांधिलकी म्हणून पत्करलेली गोष्ट होती.

विशेष म्हणजे ज्याच्या हाती वस्तू त्याने हिशोब द्यावा, हे तत्त्व शासन दुसऱ्यांना अगदी कडकपणे लावते. देवस्थानाची जमीन देवाची असते, पुजारी किंवा वहिवाटदार तिचा मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केले. देव बोलत नाही, हिशोब मागत नाही, म्हणून तर वहिवाटदारावरचा बोजा जास्त. 1950 च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली गावच्या देवळाच्या विश्वस्तांनाही नोंदणी करावी लागते, जमाखर्च ठेवावा लागतो, तो तपासून घ्यावा लागतो, विश्वस्त बदलला तर धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. विश्वस्त सज्जन आहे की लबाड, हे कायदा आधी विचारत नाही. दुसऱ्याची वस्तू हाती आहे, म्हणून हिशोब द्यायचा. जलसंपदा विभागाच्या हातातले पाणी आणि महसूल विभागाच्या हातातली जमीन याहून वेगळी कशी? राज्य हे नैसर्गिक साधनसंपत्तीचे विश्वस्त आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात 1996 सालीच म्हटले आहे.

फरक एवढाच की देव मुका आहे आणि जनता मुकी नाही. म्हणून हिशोब वरच्या कचेरीला देऊन भागत नाही, तो तिला समजेल असा द्यावा लागतो. महानुभाव पंथात केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतात लिहू पाहत होते तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवले. त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथात नोंदलेले आहे. ज्ञान ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचले नाही तर ते दिलेच नाही, ही त्यामागची दृष्टी. लेखापरीक्षण अहवालांतली ‘संक्षिप्त आकस्मिक देयके’ ही मराठी त्या म्हाताऱ्यांना संस्कृतइतकीच दूरची. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातले सामाजिक अंकेक्षण त्या मानाने योग्य वाटेवर आहे. कोणाच्या नावावर किती दिवस, किती पैसे, हे ग्रामसभेत वाचायचे आणि ज्याचे नाव आहे त्याने उठून हो किंवा नाही म्हणायचे. मासा पाणी कधी पितो ते कळत नाही तसे अधिकारी पैसा कधी खातो ते कळत नाही, हा कौटिल्याचा दृष्टान्त भाषणांत सगळे वापरतात. त्याच्या अर्थशास्त्राच्या त्याच अधिकरणात अधिक कामाची एक सूचना आहे. अमुक अधिकाऱ्याकडून ज्यांचे नुकसान झाले त्यांनी सांगावे अशी मुलखात दवंडी पिटावी आणि सांगेल त्याला नुकसानीप्रमाणे भरपाई देववावी. जाता जाता, हिशोबनीसांनी वह्या घेऊन आषाढी पौर्णिमेला हजर व्हावे असेही तो म्हणतो. आपल्याकडे त्या सुमारास फक्त वारकरी हजर होतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप भीतीचा आहे. हिशोबाचा फास आवळला तर कोणी सहीच करणार नाही, फाईल टेबलावरच मरेल, असे जुने कारकूनही सांगतील. हे खोटे नाही. पण भीती दोषी ठरण्याची असते, आणि आपण देणे व दोष एकत्र बांधल्यामुळेच ती इतकी वाढली आहे. देणे मान्य केले की चोर ठरतो, म्हणून प्रत्येक जण ते नाकारतो, अपिलात जातो, तारीख घेतो. दरम्यान 1894 च्या भूसंपादन कायद्याखालच्या प्रकरणांत वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षानंतर 15 टक्क्यांनी व्याज चढत राहते. शेवटी बेलीफ हुकूमनामा घेऊन येतो, खुर्च्या, पंखे, संगणक बाहेर काढले जातात, फोटो छापून येतात. त्या खुर्च्याही जनतेच्या आणि ते व्याजही जनतेच्याच करातले. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की अधिकाऱ्याच्या छळवादाची भरपाई आधी खात्याने द्यावी आणि मग ती जबाबदार माणसाकडून वसूल करावी. या क्रमात शहाणपण आहे. आधी ऋण फिटते, दोषाचा निवाडा नंतर सावकाश होतो.

सचोटीच्या माणसाला हिशोब कशाला, असेही विचारले जाते. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापराचा तुकडा घेऊन फिरले. त्यांच्या सचोटीवर कोणी शंका घेतली नसती. तरीही त्यांनी त्या मिळकती विश्वस्तांच्या हाती सोपवल्या, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. माणूस जातो आणि वस्तू मागे राहते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे निवृत्त माणसावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल नवी विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. माणसाला कधीतरी सोडावे, हे बरोबरच आहे. पण पदभार देता-घेता तपासली जाणारी जडवस्तू संग्रह नोंदवही पाहा. तीत टेबले किती, कपाटे किती, मोडकी किती हे सगळे असते आणि येणारा ते मोजून सही करतो. तिच्याच शेजारी दुसरी वही हवी: या कार्यालयाचे कोणकोणत्या गावातल्या कोणाला किती देणे, कधीपासून, कशामुळे अडले. येणाऱ्याने तिच्यावरही सही करावी. ‘तेव्हा मी नव्हतो’ हे तिच्या पहिल्याच पानावर छापून ठेवले तरी चालेल.