टँकर परत पाठव

चहा राहू दे. आधी अंगणात ये आणि हे काय मांडून ठेवलंयस ते सांग. फाटकापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक, उरलेल्या जागेत लॉन, भिंतीला चिकटून बारा पाम. आणि हे हिरवं ठेवायला उद्या सकाळी टँकर येणार म्हणतोस! हिवरे बाजारात? फोन करताना जीभ अडखळली नाही? टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून ज्या गावाने डोंगरावर टिकाव मारले, त्या गावाच्या वेशीतून तू गवतासाठी टँकर आत आणणार?

“बाई, मी यात नवशिका आहे” म्हणे. नवशिका असणं गुन्हा नाही, पहिलीच्या वर्गात सगळेच नवशिके असतात. पण नवशिक्याने पाटी कोरी घेऊन बसावं. तू मोबाइलवर कुठल्या तरी पावसाळी मुलखातलं अंगण पाहिलंस आणि जसंच्या तसं इथे उतरवलंस. शेजारच्याची वही बघून उतरवणाऱ्याला मी काय शिक्षा द्यायची, आठवतंय ना? तू तर उतरवलंस तेही भलत्याच इयत्तेचं.

कागद घे, गणित घालते. तुझं लॉन एक गुंठा, म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवताला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धर. 100 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 100 लिटर, तेव्हा रोजचे 500. फेब्रुवारी ते मे, 120 दिवस. किती झाले? 60,000 लिटर. आता जमेची बाजू. आपल्याकडे पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. तुझा स्लॅबही गुंठाभरच. एक थेंब वाया गेला नाही असं धरलं तरी वर्षाला 40,000 लिटर. म्हणजे आभाळाने वर्षभर तुझ्या डोक्यावर ओतलेलं सगळं पाणी हे गवत चार महिन्यांत पिणार आणि वर 20,000 लिटर उसने मागणार. कोणाकडून? शेजाऱ्याच्या विहिरीतून, की टँकर जिथे भरतो तिथल्या लोकांच्या तोंडचं?

बोअरचं नाव काढू नकोस. या गावात बोअरचं पाणी प्यायला, शेतीला नाही. शेतकऱ्याला उसाचा आणि केळीचा मोह आवरायला लावणारं हे गाव तुझ्या गवताचे लाड करील असं वाटलं कसं तुला?

आपण गावाचे फोटो लोकांना अभिमानाने दाखवतो, पण गावाने केलं काय ते नीट वाचत नाही. 1972च्या दुष्काळाने मोडलेलं गाव होतं हे. डोंगर बोडका, पाऊस पडला की माती घेऊन धावत सुटायचा, आणि माणसं कामासाठी बाहेर. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला माणूस, त्याने गावाला ताळेबंद शिकवला. 1994मध्ये आदर्श गाव योजनेत नाव आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे तू भिंतींवर वाचत मोठा झालास. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, चराची माती खालच्या अंगाला टाकून बांध केला आणि झाडं लावली. आधी पाणी थांबवलं, मग हिरवळ मागितली. आजही गाव पाऊस मोजतं आणि ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडून त्या वर्षीची पिकं ठरवतं. पाऊस कमी, तर पीक कमी. आणि तू? एका गुंठ्याचा हिशेब न करता गालिचा अंथरून मोकळा झालास.

तो तांब्या दे इकडे. हे बघ, ब्लॉकवर ओतते. कुठे चाललंय पाणी? बघ, वाकून बघ. फाटकाकडे नाही, पामाकडे नाही, सरळ तुझ्या जोत्याकडे! चार पैसे खर्चून तू पावसाला घराच्या पायात शिरायची वाट करून दिलीस. गवंड्याची पाणसळ घरात पडून असेल, ती एकदा तरी लावून पाहिलीस?

पाणसळ नसेल तर हे शीक. दोन सारख्या काठ्या वर बांध, खाली पाय फाकव, मध्ये आडवी काठी. शेंड्यावरून दोरीला दगड सोड. सपाट फरशीवर दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण कर, मग काठ्या उलटसुलट ठेवून खात्री करून घे. आता अंगणात दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशाच सोप्या साधनाने डोंगरावर समपातळी रेषा आखता येते. तुझं अंगण काही डोंगराहून अवघड नाही.

आता कान देऊन ऐक. टँकरवाल्याला आत्ता फोन लाव आणि नको म्हणून सांग. जोत्यालगतचे ब्लॉक उचल, उतार घरापासून बाहेर काढ. चालायला दोन हात रुंद वाट पुरे, बाकी जमीन श्वास घेऊ दे. स्लॅबचं पाणी पन्हळीने टाकीत ने, जास्तीचं शोषखड्ड्यात, घरापासून लांब. मोरीचं पाणी केळीच्या एका खुंटाला पुरेल, एकाच, बाग करायची नाही. झाडं इथली लाव: शेवगा, सीताफळ, आवळा, कढीपत्ता, दारात मोगरा. कडुनिंब भिंतीपासून लांब, सावलीसाठी पश्चिमेला. खड्डे आत्ताच खण, उन्हात तापू देत. शेणखत आणि माती भरून रोप पावसाने जमीन भिजल्यावरच. आळं झाडाबरोबर रुंद करत जा आणि आत पालापाचोळा अंथर. तो जाळताना दिसलास तर मी पुन्हा येईन.

पण झाड लावण्याआधी एक गृहपाठ. मृगाचा पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा खिडकीत बसून व्हिडिओ काढू नकोस. छत्री घेऊन अंगणात उभा राहा. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे साचतं, कुठून पळतं, कुठे माती गढूळ होते, सगळं वहीत टिपून ठेव. नकाशा काढ, बाण दाखव. वाकडा आला तरी चालेल, पण स्वतःचा हवा.

पाऊस ओसरला की मी येते. झाडं बघायला नाही, वही तपासायला. आण तो चहा आता.